एकदाच विचारलं

सुलेखा पांढरीपांडेला तिच्या कॉलेजात सगळे ‘मिस सू’ म्हणतात. एका डीनने पहिल्या वर्षी तिचं आडनाव उच्चारायचा प्रयत्न केला होता, त्यानंतर त्या भानगडीत कुणी पडलं नाही. नागपूरची, धरमपेठेतली मुलगी. बी.कॉम. झाली, लग्न झालं, नवऱ्याच्या मागोमाग व्हर्जिनियात हर्नडनला आली, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. नवरा प्रसन्न सॉफ्टवेअरमध्ये. हर्नडनमधले आपल्यातले नवरे बहुतेक तिथेच असतात.

तिची स्वतःची नोकरी मात्र वेगळी, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना ती कधी नीट कळली नाही. ती कम्युनिटी कॉलेजात काम करते. हा शब्द काढला की आपल्या लोकांची नाकं लगेच मुरडतात, कारण आपली पोरं थेट मोठ्या विद्यापीठात जातात. का नाही जाणार? सहावीपासून क्लास लावलेले असतात. पण ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, ज्यांना सकाळी शिकून संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात उभं राहावं लागतं, त्यांनी कुठे जायचं? ती पोरं इथे दोन वर्षं स्वस्तात शिकतात आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होतात. म्हणजे व्हायचं असतं. त्यातली बरीच मधेच गळतात. कुणाचे इथले विषय विद्यापीठ धरत नाही, कुणाला तिथे राहायची सोय नसते, आणि कितीतरी नुसती बुजतात. विद्यापीठाची ती अवाढव्य लायब्ररी बघून येतात आणि म्हणतात, मिस सू, ते आमच्यासाठी नाही. अशांना हाताला धरून पलीकडे पोचवायचं ही सुलेखाची नोकरी. ती हे काम जीव ओतून करते, हे तिच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल.

दर सप्टेंबरात नवी मुलं आली की ती त्यांना एक गोष्ट सांगायची. अमेरिकेतला तिचा पहिला हिवाळा. गाडी चालवता येत नव्हती. दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन बाईसाहेब बसस्टॉपवर, वरून बर्फ भुरभुरतंय. शेजारच्या घरातल्या बाईने गाडी थांबवली, काच खाली केली, म्हणाली, चल, सोडते तुला. सुलेखाच्या तोंडून आपोआप निघालं, नो नो, थँक यू, कशाला त्रास. आता हेच नागपुरात झालं असतं तर? समोरची बाई गाडीतून उतरली असती, पिशव्या हिसकावून मागे टाकल्या असत्या आणि वर चार शब्द सुनावले असते. ही म्हणाली, ओके, स्टे वॉर्म. आणि गेली. अहो, खरंच गेली. सुलेखा रस्त्याकडे बघत राहिली, की आता वळेल, मग वळेल. शेवटी पायीच घरी पोचली आणि पिशव्या टाकून रडत बसली. थंडीपेक्षा तिला अपमान जास्त लागला होता.

“तेव्हा लक्षात ठेवा,” ती मुलांना सांगायची. “इथे एकदाच विचारतात. कुणी मदत देऊ केली की पहिल्यांदाच हो म्हणायचं. नको नको घरी करा.” मुलं हसून हसून बेजार व्हायची, कारण एल साल्वाडोरच्या, इथिओपियाच्या, पाकिस्तानच्या पोरांच्या घरी आया अशाच असतात. मग ती चक्क सराव करून घ्यायची. कॉफी घेणार? येस, थँक यू. ट्यूटर हवा? येस, थँक यू. हा सराव दोन वर्षांपूर्वी सगळ्यात मन लावून कुणी केला असेल, तर वल्लरीने.

वल्लरी नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर इथे आली. बाप म्हणजे एकनाथ. हर्नडनमधल्या एका इंडियन हॉटेलात मिठाई करतो. मूळचा संगमनेरकडचा, कमी बोलणारा, भिडस्त माणूस. वल्लरीची आई तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षात आजारपणात गेली, तेव्हापासून बापलेक एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतात. पोरगी केमिस्ट्रीत हुशार, शनिवारी एका डेंटिस्टच्या काउंटरवर काम करते. चारचौघांत सुलेखाला ती मिस सू म्हणायची, केबिनचं दार लागलं की काकू.

एकनाथची आणि सुलेखाची ओळख मंडळाच्या दिवाळीतली. त्याच्या अनारशांना तोड नाही. मागच्या दिवाळीत त्याने तिच्यासमोर डबा धरला होता. ती म्हणाली, अहो नको, एवढे कशाला. त्याने पुन्हा धरला, ती पुन्हा नको म्हणाली. मग त्याने तो डबा सरळ तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि निघून गेला. सुलेखाला फार बरं वाटलं होतं. माहेरच्या कुणीतरी दटावून हातात काही कोंबावं, तसं वाटलं.

यंदा फेब्रुवारीत काय झालं, ते आता सांगते.

तीन तासांवर एक मोठं विद्यापीठ आहे. त्यांची ब्रिज नावाची योजना होती, अशाच मुलांसाठी. उन्हाळ्यात सहा आठवडे तिथे राहायचं, प्राध्यापकांशी ओळखी करून घ्यायच्या, आणि मग दोन वर्षं हॉस्टेलची खोली, जेवण, शिवाय पाठीशी उभा राहणारा एक हक्काचा माणूस. सुलेखाच्या कॉलेजला यंदा दोन जागा आल्या. नावं सुचवायचं काम तिचं. वल्लरीला मार्कांवर विद्यापीठात प्रवेश मिळालाच असता, पण तीन तासांवर राहणार कुठे, खाणार काय? ब्रिजमुळे तो प्रश्नच मिटत होता. सुलेखाने मनात पहिलं नाव वल्लरीचं घातलं.

मग तिने जे केलं ते चांगल्या मनाने केलं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिचा राग येईल. मला तर आला. तिने वल्लरीला विचारलंच नाही. तिला वाटलं, पोरीला आधी सांगितलं तर ती हरखून जाईल, आणि मग बाप नाही म्हणाला तर? आईवेगळी पोर, बाप एकटा पडणार. तेव्हा आधी बापाला विचारावं, मोठ्यांचा मान राखावा. कॉलेजचा नियम अगदी उलटा आहे. विद्यार्थी सज्ञान असला की त्याच्या आईबापांशी त्याच्या शिक्षणाबद्दल त्याला न विचारता बोलायचंच नाही. सुलेखाला हा नियम पाठ होता, नव्या लोकांना तीच तो समजावून सांगायची. पण आपल्या माणसांना कुठे असले नियम लावायचे, म्हणून तिने एकनाथला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी जेवायलाच या.

वल्लरी तेव्हा कामावर होती. एकनाथने पुरण घातलं होतं. दोन पोळ्या झाल्यावर सुलेखाने ताटावर हात आडवा धरला.

“आता खरंच नको, एकनाथभाऊ.”

“बरं, अर्धी.”

“अर्धीसुद्धा नको. पोट फुटेल माझं.”

“वल्लरीची आई असती तर तिने उठू दिलं असतं का तुम्हाला?” असं म्हणत त्याने तिच्या हाताखालून अख्खी पोळी ताटात सरकवली आणि वर तुपाची धार धरली. सुलेखा हसली आणि तिने ती खाल्ली. मनापासून खाल्ली.

हात धुऊन झाल्यावर तिने विषय काढला. योजना काय आहे, किती चांगली आहे, सगळं सांगितलं. एकनाथ फडक्याने ओटा पुसत ऐकत होता. पुसून झालेला ओटा तो परत पुसत राहिला.

“नको हो ताई,” तो म्हणाला. “तुम्ही आधीच तिचं किती करताय. आणखी कशाला त्रास? कुणा जास्त गरजू पोराला द्या.”

सुलेखाने खोलीकडे नजर टाकली. एक सोफा, त्यावर रात्री तो झोपतो हे घडी केलेल्या पांघरुणावरून दिसत होतं. भिंतीवर बायकोचा फोटो. तिच्या मनात आलं, बिचाऱ्याला पोरीला सोडवत नाहीये, पण तसं म्हणता येत नाही. तिला भरून आलं. कॉलेजात याचं ट्रेनिंगही झालं होतं, की कुणी नकार दिला तर दबाव आणू नका, त्यांच्या निर्णयाचा आदर करा. तिने आदर केला.

“बरं,” ती म्हणाली.

परत येताना गाडीत तिला स्वतःबद्दल बरंच वाटत होतं. आपण किती समंजसपणे वागलो, त्या गरीब माणसावर भीड घातली नाही, असं तिला वाटलं. सोमवारी तिने एका मुलाचं आणि मारिसेल नावाच्या मुलीचं नाव कळवून टाकलं. मारिसेलही गुणी, तिलाही गरज होतीच. त्यात खोट काढायला जागा नव्हती. वल्लरी पुढे भेटली तेव्हा तिने विषय काढला नाही, म्हणून सुलेखानेही काढला नाही. बापलेकीचं आपसांत बोलणं झालं असेल, असं ती धरून चालली.

एप्रिलमध्ये वल्लरी केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं.

“काकू, एक विचारू? ऑनेस्ट उत्तर द्या हं. मला वाईट वाटेल म्हणून गोडगोड नको.”

“विचार ना.”

“मारिसेलला ब्रिज मिळालं. आय अ‍ॅम हॅपी फॉर हर, खरंच. पण माझं काय कमी पडलं? ऑरगॅनिक केमिस्ट्रीत तो एक बी ग्रेड आहे, तो नडला का?”

पोरीला काहीच माहीत नव्हतं. बापाने तिला सांगितलंच नव्हतं. ती गेले किती दिवस तो एक बी घोळवत बसली असेल, देव जाणे.

“तसं नाही गं...” सुलेखा एवढंच म्हणाली.

“इट्स ओके. मला फक्त कळायला हवं होतं. कारण डेंटिस्टने मला फुलटाइम विचारलंय. फ्रायडेला सांगायचंय. मी हो म्हणतेय. युनिव्हर्सिटी वगैरे जाऊ दे, मी त्यातली नाहीये बहुतेक.” मग ती जराशी हसली. “आणि एकदाच विचारतात ना?”

“थांब,” सुलेखा म्हणाली. “शुक्रवारपर्यंत थांब. मी बघते.”

काय बघणार होती, कपाळ? घरी तिने प्रसन्नला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, “सोड ना यार. सांग, कॉम्पिटिशन टफ होती. खरं सांगून बापलेकीत कशाला लावून देतेस?” आणि मी तरी खोटं कशाला बोलू, सुलेखाला क्षणभर ते पटलंसुद्धा. एक वाक्य बोललं की सुटका होती. सगळ्यांचा मान राहिला असता, तिचाही. फक्त वल्लरी जन्मभर समजत राहिली असती की आपण कमी पडलो, आणि डेंटिस्टच्या काउंटरवर बसून राहिली असती. ते विसरता येईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. कुठे निघाली? पुन्हा बापाकडेच. खोड मोडली नव्हती तिची.

हॉटेलच्या मागच्या दाराशी एकनाथ भेटला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

“या ताई. वाटच बघत होतो. म्हटलं, ताई विसरल्या की काय.” तो तिला आत कोठीच्या खोलीत घेऊन गेला. चणाडाळीच्या पोत्यांमागे एक खोका होता, तो त्याने ओढून काढला आणि उघडला. आतून नवाकोरा लहानसा कुकर बाहेर काढला. “तीन लिटरचा आहे. एकटीला पुष्कळ होईल. हॉस्टेलात भात करून खाईल, बाहेरचं कुठवर खाणार? तिला दिसू नये म्हणून इथे ठेवलाय. तुमचं पक्कं झाल्याशिवाय तिला सांगायचं नव्हतं. उगाच आशा लागायची.”

“एकनाथभाऊ, तुम्ही तर नको म्हणालात.”

“म्हटलं की. लगेच कसं हो म्हणायचं? एवढं मोठं देणं, पोरीच्या बापाने झडप घालून घ्यायचं का? तुम्ही परत विचारलं की म्हणणार होतो, तुमचा एवढा आग्रह आहे तर जाऊ दे तिला.”

“जागा गेली,” सुलेखा म्हणाली. “फेब्रुवारीतच गेली. मी दुसऱ्या मुलीला दिली.”

एकनाथ हातातल्या कुकरकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने झाकण नीट बसवलं, कुकर खोक्यात ठेवला.

“इथल्या कुणी परत विचारलं नसतं तर मी समजलो असतो,” तो म्हणाला. “तुम्ही तर आपल्या. त्या दिवशी तिसरी पोळी घेताना तुम्ही किती वेळा नको म्हणालात, ताई? मी ऐकलं का?”

सुलेखाला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि खरंच होतं ते. त्याच स्वयंपाकघरात, तोंडातली तुपाची चव जायच्या आत तिने त्याचा पहिला नकार खराखुरा धरून उचलला होता आणि समंजसपणाची शेखी मिरवत घरी गेली होती. बापाला विचारायला गेली तेव्हा नागपूरची होती. उत्तर घ्यायची वेळ आली तेव्हा ती बर्फातली गाडीवाली झाली.

कॉलेजात पोचल्यावर तिने तिच्या वरिष्ठाला, ग्रेगला, सगळं सांगितलं. ग्रेग चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्याला आग्रहाबिग्रहाचं काही कळलं नाही. त्याचं घोडं आधीच अडलं.

“तू तिच्या वडिलांना विचारलंस?” तो म्हणाला. “वीस वर्षांच्या मुलीबद्दल? तिला न विचारता?”

ग्रेगने तिच्यासमोरच विद्यापीठाला फोन लावला. जागा नव्हती. मारिसेलने आपली भाड्याची खोलीसुद्धा सोडायचं कळवलं होतं. फोन चालू असताना सुलेखाच्या मनात एकदा येऊन गेलं, की मारिसेल आजारी पडली तर, नाही म्हणाली तर. मग तिची तिलाच इतकी शरम वाटली की तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

गुरुवारी तिने वल्लरीला बोलावलं. या वेळी मात्र तिने काही लपवलं नाही. बापाकडे गेले, पुरणपोळी खाल्ली, तो काय म्हणाला, आपण काय ऐकलं, सगळं सांगितलं. कुकरचंही सांगितलं. वल्लरी पाठ ताठ करून ऐकत होती.

“म्हणजे मी चांगली होते?” तिने विचारलं.

“सगळ्यात वर तुझं नाव होतं.”

पोरीच्या चेहऱ्यावर क्षणभर इतका आनंद आला की सुलेखाला तो बघवेना. मग तो ओसरला.

“काकू, मी हो म्हटलं असतं,” वल्लरी म्हणाली. “पहिल्यांदाच. तुम्हीच प्रॅक्टिस करून घेतली होती ना? कॉफी घेणार, ट्यूटर हवा. मी घरी आरशासमोर करायचे, बाबांच्या देखत. दोन वर्षं मी सगळ्यांना हो म्हणत आलेय. यू जस्ट हॅड टू आस्क मी.”

“मला वाटलं, तुला आशा लावून मग...”

“लावायची होती. माझी होती ना ती?”

सुलेखा खूप काही बोलली मग. सुटलीच ती. म्हणाली, उद्या डेंटिस्टला हो म्हणू नकोस. पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं, मी लिहून देते. जवळच्या विद्यापीठात माझ्या ओळखीच्या बाई आहेत, आत्ता फोन करते. जायची यायची अडचण असेल तर मी सोडेन तुला, रोज सोडेन. वल्लरी म्हणाली, नको काकू. सुलेखाने पुन्हा म्हटलं, अगं, मला काही त्रास नाही. वल्लरी म्हणाली, नको, खरंच. सुलेखाने तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा वल्लरी उठली आणि तिने बॅग खांद्याला लावली. “थँक यू, मिस सू,” ती म्हणाली.

आणि यातला कोणता नकार खरा, कोणता रीतीचा, हे सुलेखाला ओळखता येईना. मागे लागावं की सोडून द्यावं? अमेरिकेतल्या त्या पहिल्या हिवाळ्यातसुद्धा ती इतकी गोंधळली नव्हती. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. वल्लरी कॉरिडॉरच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली.

शुक्रवारी वल्लरीने डेंटिस्टला हो सांगितलं. बापाशी ती आठवडाभर बोलली नाही. हे सुलेखाला हॉटेलातल्या दुसऱ्या आचाऱ्याच्या बायकोकडून कळलं. मग एक दिवस कुकरचा खोका बेसमेंटमध्ये आला आणि आता म्हणे त्यांचा रोजचा भात त्यातच होतो. ऐकून सुलेखाला हसू आलं नाही. दोन माणसांचा भात त्या कुकरात होतो, हे ऐकवतही नव्हतं तिला.

पुढच्या वर्षीचं नावही हवेतच राहिलं. ऑगस्टमध्ये कळलं, की ब्रिजला मिळणारा निधी बंद झाला. जी मुलं आत गेली ती गेली, नवी कुणी नाहीत. सुलेखाने ते पत्र वाचलं आणि दुपारभर केबिनचं दार लावून बसली. आपल्या हातून जे गेलं ते परत येणार नाही, हे तेव्हा तिला खरंच समजलं. तोपर्यंत ती पुढच्या वर्षाच्या भरवशावर तग धरून होती.

वल्लरीने जवळच्या विद्यापीठात संध्याकाळचे दोन विषय घेतलेत. ते तिचं तिने जमवलं, कुणाच्या ओळखीने नाही. दिवसभर काउंटर, मग दोन बस बदलून क्लास. या गतीने तिला पदवीला किती वर्षं लागतील ते सुलेखाला चांगलं माहीत आहे, तिचा धंदाच आहे तो. ती कुणाला आकडा सांगत नाही.

सप्टेंबरात नवी मुलं आली, तेव्हा तिने बर्फातली गोष्ट सांगितली नाही. ग्रेगने विचारलंसुद्धा, या वेळी ती तुझी स्टोरी नाही का? ती म्हणाली, घसा बसलाय. हल्ली ती मुलांना एकेक गोष्ट दोनदोनदा, तीनतीनदा विचारते. ट्यूटर हवा का? नक्की नको? परत विचार कर हं. मुलं वैतागतात आणि मागे तिची नक्कल करतात.

मंडळाची दिवाळी नेहमीप्रमाणे शाळेच्या हॉलमध्ये झाली. सुलेखा उशिरा पोचली. पार्किंगमध्ये एकनाथची जुनी गाडी उभी होती आणि तो मागच्या सीटवरून ऑर्डरचे डबे काढत होता. पुढच्या सीटवर वल्लरी मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर केली, ओळखीचं हसली, हात हलवला आणि परत वाचायला लागली. एप्रिलनंतर सुलेखा दोघांसमोर पहिल्यांदाच उभी होती. तिला वाटलं, एकनाथ बघून न बघितल्यासारखं करेल. पण तो डबा घेऊन स्वतःच पुढे आला.

“ताई, अनारसे,” तो म्हणाला आणि डबा पुढे धरला.

सुलेखाला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. हा माणूस अजून आपल्याला आपलं मानतो. आपली काय लायकी, आणि हा काय देतोय. आणि जन्माची सवय, ती काय सांगून येते?

“अहो नको, एकनाथभाऊ,” ती म्हणाली. “कशाला एवढं?” म्हणताना तिचा हात अर्धा पुढे आलाच होता.

एकनाथ थोडा थांबला. त्याने गाडीकडे, पुढच्या सीटकडे पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. रागाचा लवलेश नव्हता त्याच्या आवाजात. अगदी आदराने म्हणाला. त्याने डबा परत मागच्या सीटवर ठेवला, बाकीचे उचलले, पायाने दार लोटलं आणि हॉलकडे चालू लागला.

सुलेखा बघत राहिली. मग पुढे आलेला हात तिने पर्समध्ये घातला आणि हातातच असलेली गाडीची किल्ली शोधायला लागली.